पनवेल फ्लेक्शर

पनवेल फ्लेक्शर ही महाराष्ट्राच्या उत्तर कोकण किनाऱ्यालगत दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टी खडकांत आढळणारी, सुमारे १५० किलोमीटर लांबीची भूसांरचनिक रचना आहे. सह्याद्रीत व दख्खनच्या पठारावर जवळजवळ आडवे असलेले लाव्ह्याचे थर या पट्ट्यात पश्चिमेकडे, म्हणजे अरबी समुद्राच्या दिशेने, ठळकपणे झुकलेले दिसतात. पनवेल, नवी मुंबई, उरण, घारापुरी बेट आणि मुंबई हा परिसर या पट्ट्यात किंवा त्याच्या लगत येतो. भारतीय भूखंड आणि सेशेल्सचा लघुखंड एकमेकांपासून अलग होत असताना, सुमारे ६.२५ कोटी वर्षांपूर्वी, ही रचना निर्माण झाली असे मानले जाते. त्यामुळे एखादा खंड कसा ताणला जातो, कसा तुटतो आणि त्याची कड कशी घडते हे समजून घेण्यासाठी येथील अग्निज खडकांना विशेष महत्त्व आहे.

फ्लेक्शर या शब्दाचा अर्थ थरांना आलेला बाक असा आहे. या नावामुळे ही रचना दाबामुळे पडलेली वली असावी असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात ती दाबाने नव्हे, तर भूकवच ताणले गेल्यामुळे तयार झाली आहे, याविषयी आज संशोधकांत व्यापक सहमती आहे.

भौगोलिक विस्तार

हा पट्टा साधारणपणे उत्तर–दक्षिण ते उत्तर-वायव्य–दक्षिण-आग्नेय दिशेने, किनाऱ्याला समांतर जातो. त्याच्या पूर्वेस माथेरानचे पठार आणि खंडाळा–लोणावळ्याचा सह्याद्रीचा कडा आहे. तेथे लाव्ह्याच्या थरांची नती, म्हणजे क्षितिजसमांतर पातळीशी असलेला त्यांचा झुकाव, बहुधा एक अंशाहूनही कमी असते. माथेरानच्या कड्यांवर दिसणारे एकावर एक रचलेले आडवे पट्टे हे त्याचे परिचित उदाहरण होय. तेथून पश्चिमेकडे येताना नती वाढत जाते. फ्लेक्शरच्या पट्ट्यात ती काही अंशांपासून २० अंशांपर्यंत, तर स्थानिकरीत्या त्याहूनही अधिक आढळते.

नवी मुंबई हे शहर १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या संस्थेने ठाण्याची खाडी आणि पारसिक–खारघर डोंगररांग यांमधील चिंचोळ्या पट्ट्यावर वसविले. खाडी, डोंगररांग आणि मुंबईतील टेकड्यांच्या ओळी या तिन्हींची दिशा ढोबळमानाने उत्तर–दक्षिण आहे. एका बाजूस झुकलेल्या कठीण व मृदू थरांची झीज असमान होते आणि थरांच्या दिशेला समांतर अशा टेकड्यांच्या रांगा मागे उरतात. या भागाच्या भूरूपांवर थरांच्या झुकावाची छाप अशा रीतीने पडली आहे.

पार्श्वभूमी : दक्षिण ट्रॅप

दक्षिण ट्रॅप हा जगातील मोठ्या बेसाल्टी प्रदेशांपैकी एक असून आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे. त्यातील बहुतांश लाव्हा क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस व पॅलिओसीनच्या आरंभी, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास बाहेर पडला. हा लाव्हा शंकूच्या आकाराच्या एखाद्या ज्वालामुखीतून नव्हे, तर मुख्यतः भूकवचातील लांब भेगांतून वाहिला. पातळ असल्यामुळे तो दूरवर पसरला आणि त्याचे जवळजवळ सपाट थर बनले.

सह्याद्रीतील या थरांची विभागणी कळसूबाई, लोणावळा आणि वाई अशा तीन उपसमूहांत केली जाते. त्यांतील शैलसमूहांना जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी स्थानिक नावे दिलेली आहेत. दिसायला सारख्या असलेल्या या थरांत भेद करण्यासाठी त्यांच्या रासायनिक घटकांचा आधार घ्यावा लागतो. शिलारस वर येताना खंडाचे जुने कवच अंशतः वितळवून आपल्यात मिसळून घेतो. त्यामुळे त्यातील स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे प्रमाण बदलते. लोणावळा उपसमूहातील बुशे शैलसमूहात अशी भेसळ सर्वाधिक, तर वाई उपसमूहातील आंबेनळी शैलसमूहात अत्यल्प आढळते. म्हणजे ज्या खंडातून लाव्हा वर आला, त्या खंडाची खूण लाव्ह्यातच शिल्लक राहते.

मुंबई परिसरातील खडक याहून वैविध्यपूर्ण आहेत. तेथे बेसाल्टबरोबर ट्रॅकाइट, ऱ्हायोलाइट, ज्वालामुखी राखेपासून बनलेले टफ आणि लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडणारे गाळाचे शेल खडक आढळतात. वरळी येथील अशा शेल खडकांतून बेडकांचे जीवाश्म मिळाले असून त्यांचे वर्णन एकोणिसाव्या शतकातच झाले होते. दोन उद्रेकांच्या दरम्यानच्या काळात येथे उथळ पाणथळ जागा होत्या, असे त्यावरून दिसते.

संशोधनाचा इतिहास

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड यांनी पश्चिम व मध्य भारतातील ट्रॅप खडकांवर १८६७ मध्ये विस्तृत लेखन केले. मुंबई परिसरातील थर पश्चिमेकडे झुकलेले आहेत ही गोष्ट त्या काळापासून ज्ञात आहे. याच विभागातील जॉन बिकनेल ऑडन यांनी १९४९ मध्ये पश्चिम भारतातील भित्तींवरील आपल्या निबंधात या रचनेची चर्चा केली आणि पनवेल फ्लेक्शर हे नाव रूढ झाले. हे ऑडन म्हणजे इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे थोरले बंधू होत.

भूपट्ट सांरचनिकीचा सिद्धांत १९६० च्या दशकात मान्यता पावल्यावर या रचनेकडे खंडाची फाटलेली कड या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. त्यापूर्वी १९५० च्या दशकात दक्षिण ट्रॅपच्या पुराचुंबकीय अभ्यासातून हा लाव्हा थिजला तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात होता असे दिसून आले होते. खंडविप्लवाच्या कल्पनेला मिळालेला तो महत्त्वाचा आधार होता.

खडकांतील पुरावे

झुकलेले थर

थरांचा झुकाव मूळचा आहे की नंतर आला, हा पहिला प्रश्न होता. पातळ बेसाल्टी लाव्हा मोठ्या क्षेत्रावर १५–२० अंशांच्या उतारावर एकसारख्या जाडीचे थर बनवू शकत नाही. शिवाय लाव्ह्याच्या थरांमधील शेल खडक संथ पाण्यात, म्हणजे सपाट तळावर साचलेले असतात, आणि तेही लाव्ह्याबरोबर पश्चिमेकडे झुकलेले आहेत. यावरून थर आधी आडवे बनले व नंतर कलले, असा निष्कर्ष निघतो.

भित्ती

भूकवचातील उभ्या भेगांत शिलारस थिजून भित्ती अथवा डाइक तयार होतात. कवच ज्या दिशेने ताणले जाते, तिच्याशी काटकोनात भेगा उघडतात. म्हणून भित्तींच्या दिशेवरून ताणाची दिशा ओळखता येते. दक्षिण ट्रॅपमध्ये भित्तींचे तीन प्रमुख समुच्चय आहेत. नर्मदा–तापी पट्ट्यातील भित्ती साधारण पूर्व–पश्चिम, तर कोकण किनाऱ्यावरील भित्ती साधारण उत्तर–दक्षिण आहेत. नाशिक–पुणे भागातील भित्तींना मात्र कोणतीही एक ठळक दिशा नाही.

किनाऱ्यावरील उत्तर–दक्षिण भित्ती पूर्व–पश्चिम ताण दर्शवितात. नाशिक–पुणे भागातील स्थिती सुचविते की, सह्याद्रीतील लाव्ह्याचा मोठा भाग बाहेर पडत असताना तेथे कोणत्याही एका दिशेचा ताण प्रबळ नव्हता. पीटर हूपर यांनी १९९० मध्ये दक्षिण ट्रॅपच्या बाबतीत भूकवचाचे मोठे ताणले जाणे मुख्य उद्रेकांनंतर घडले, असे प्रतिपादन केले होते.

विभंग

घारापुरी बेटावरील एका विभंग पट्ट्याचे वर्णन मुंबईतील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात पूर्व-आग्नेयेकडे तीव्र उताराने झुकलेले दोन मोठे विभंग असून दोहोंच्या पूर्वेकडील बाजू खाली सरकलेल्या आहेत. विभंगाच्या पृष्ठभागावरील घर्षणाच्या रेषांवरून ही हालचाल सरळ खाली नव्हे, तर तिरकस झाल्याचे दिसते. अलिबाग–उरण विभंग पट्ट्याचा हा उत्तरेकडील विस्तार असावा असा अंदाज आहे. न्हावा-शेवा व बेलपाडा येथील विभंग यांच्यासह विचार केला असता, या भागातील कवच पूर्वेकडे पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेल्याचे चित्र दिसते.

थर पश्चिमेकडे कललेले असताना विभंगांची पूर्वेकडील बाजू खाली कशी जाते, असा प्रश्न पडू शकतो. फडताळात एकमेकांवर रेललेल्या पुस्तकांच्या रांगेवरून ते समजते. आधाराची जागा वाढली की सर्व पुस्तके एकाच बाजूस कलतात आणि प्रत्येक पुस्तक शेजारच्या पुस्तकावरून थोडे घसरते. पुस्तकांच्या वरच्या कडा पाहिल्या तर त्यांचा कल एका दिशेस व घसरण्याच्या पृष्ठभागाचा उतार दुसऱ्या दिशेस असतो. ताणल्या गेलेल्या कवचाचे ठोकळेही अशाच रीतीने फिरतात.

कालनिर्णय

बेसाल्टचे वय ठरविण्यासाठी आर्गॉन–आर्गॉन पद्धती वापरली जाते. पोटॅशियम–४० या किरणोत्सर्गी समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षे असून त्याचा काही भाग आर्गॉन–४० मध्ये रूपांतरित होतो. खडक थिजल्यानंतर हा वायू त्यात साठू लागतो. नमुन्यावर अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून पोटॅशियमचा काही अंश आर्गॉन–३९ मध्ये बदलला जातो आणि दोन्ही आर्गॉनांच्या गुणोत्तरावरून वय काढले जाते.

पनवेल फ्लेक्शरचा काळ ठरविताना एक सोपे तत्त्व उपयोगी पडले. मुंबईतील घाटकोपर–पवई भागात लाव्ह्याचे थर समुद्राकडे झुकलेले आहेत, परंतु त्यांना छेदणाऱ्या काही भित्ती जवळजवळ उभ्या आहेत. या भित्ती थर कलण्यापूर्वीच्या असत्या, तर थरांबरोबर त्याही कलल्या असत्या. अर्थात झुकलेले थर फ्लेक्शरपूर्वीचे आणि उभ्या भित्ती फ्लेक्शरनंतरच्या ठरतात. दोहोंची वये मोजली की कलण्याची घटना त्यांच्यामध्ये पकडता येते.

कांचन पांडे, यतीश व हेतू शेठ यांनी २०१७ मध्ये अशी मोजमापे प्रसिद्ध केली. लाव्ह्याच्या दोन थरांचे वय प्रत्येकी सुमारे ६.२४ कोटी वर्षे, तर तीन भित्तींची वये ६.२२, ६.२८ व ६.१८ कोटी वर्षे आली. यांपैकी एका भित्तीचा आकडा थरांहून मोठा दिसत असला, तरी मापनात दोन ते सात लाख वर्षांची अनिश्चितता आहे आणि त्या मर्यादेत तो थरांच्या वयाशी जुळतो. लाव्हा वाहणे, थर कलणे आणि नव्या भित्ती शिरणे या तिन्ही गोष्टी भूवैज्ञानिकदृष्ट्या अल्प काळात, सुमारे ६.२५ कोटी वर्षांपूर्वी घडल्या, असा याचा अर्थ होतो.

मुंबईतील इतर काही खडक याहूनही नंतरचे आहेत. मनोरी–गोराई भागातील ट्रॅकाइटांची वये सुमारे ६.०४ ते ६.१८ कोटी वर्षे आहेत. अंधेरीतील गिल्बर्ट टेकडी आपल्या उभ्या बेसाल्टी स्तंभांसाठी प्रसिद्ध आहे. डायनोसॉरांच्या विनाशाच्या काळाशी तिचा संबंध लोकप्रिय लेखनात वारंवार जोडला जातो, परंतु तिचे मोजलेले वय सुमारे ६.०५ कोटी वर्षे, म्हणजे त्या घटनेनंतर पन्नास लाखांहून अधिक वर्षांनंतरचे आहे.

सेशेल्सशी असलेले नाते

गोंडवन या महाखंडाच्या विघटनात भारताची पश्चिम कड दोन टप्प्यांत मोकळी झाली. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर अलग झाला. त्या काळातील ज्वालामुखी खडक कर्नाटकातील उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवर आढळतात. त्यानंतर सेशेल्सचा लघुखंड भारतापासून अलग झाला आणि दोहोंच्या मध्ये कार्ल्सबर्ग मध्यसागरी पर्वतरांगेतून नवा सागरतळ निर्माण होऊ लागला. अरबी समुद्राखालील लक्ष्मी पर्वतरांग ही याच विभाजनात मागे राहिलेली रचना आहे.

बहुतेक महासागरी बेटे बेसाल्टची बनलेली असताना सेशेल्समधील माहे या मुख्य बेटावर सुमारे ७५ कोटी वर्षे जुना ग्रॅनाइट आहे. ग्रॅनाइट हा प्रामुख्याने खंडांचा खडक असल्यामुळे ही बेटे एका तुटलेल्या खंडाचा तुकडा आहेत हे स्पष्ट होते. तेथीलच सिल्हूएट व नॉर्थ या बेटांवरील अग्निज खडक मात्र सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे मुंबईतील खडकांच्या जवळपास समकालीन आहेत. आज परस्परांपासून ३,००० किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या या दोन किनाऱ्यांनी एकाच घटनेची नोंद जतन केली आहे.

निर्मितीविषयीची मते

फ्लेक्शर ताणामुळे बनले हे मान्य असले, तरी नेमक्या यंत्रणेविषयी भिन्न मते आहेत.

देसाई व बर्ट्रांड यांनी १९९५ मध्ये पनवेल फ्लेक्शर ही दक्षिण ट्रॅपच्या ज्वालामुखी क्रियेशी निगडित अशी ताणजन्य विभंगरचना असल्याचे मांडले.

हेतू शेठ यांनी १९९८ मध्ये वक्र विभंगाची कल्पना मांडली. पृष्ठभागाजवळ तीव्र उताराचा असलेला विभंग खोलीबरोबर सपाट होत गेल्यास त्यावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचे थर विभंगाच्या दिशेने वाकतात. पूर्वेकडे झुकलेल्या अशा विभंगामुळे थरांना पश्चिमेकडे बाक येऊ शकतो.

आयआयटी मुंबईतील सौम्यजित मुखर्जी व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पश्चिम दख्खनमधील भंगांच्या अभ्यासावरून जवळपास उत्तर–दक्षिण दिशेच्या ताणाचेही पुरावे दाखविले. भारत व सेशेल्स यांचे अलग होणे केवळ काटकोनात दूर सरकणे नसून त्यात बाजूने घसरण्याचाही अंश असावा, असे त्यांतून सूचित होते.

या सर्व मतांपुढे एक अडचण आहे. ताणले गेलेले कवच पातळ व्हावयास हवे. परंतु भूकंपलहरींच्या अभ्यासानुसार या भागातील कवचाची जाडी ४१.३ किलोमीटरपर्यंत, म्हणजे खंडाच्या सर्वसाधारण कवचाइतकीच आहे. त्यावर असममित विभाजनाचे स्पष्टीकरण सुचविले गेले आहे. संपूर्ण शिलावरणातून तिरप्या जाणाऱ्या एका मोठ्या पृष्ठभागावर सरकण झाल्यास वरच्या भागातील विभंग एका ठिकाणी व खालच्या कवचाचे पातळ होणे दुसऱ्या ठिकाणी घडू शकते.

ट्रॅपखालील प्राचीन खंड

पनवेल फ्लेक्शर ही खंड तुटण्याची कथा सांगते. तो खंड मुळात कसा घडला याची साक्ष देणारे खडक महाराष्ट्राच्या बहुतांश भागात बेसाल्टखाली दडलेले आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग खोल वेधनाचा आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या वेधनात ३३८ मीटर जाडीच्या बेसाल्टखाली आर्कियन काळातील स्फटिकी खडक मिळाले. कोयना परिसरातील सुमारे ३ किलोमीटर खोलीच्या वेधनात बेसाल्टची जाडी १,२४७ मीटर भरली व त्याखाली ग्रॅनाइटी खडक लागले.

दुसरा मार्ग परकीय खडकखंडांचा आहे. मुरूड-जंजिऱ्याजवळील काही भित्तींमध्ये शिलारसाने खालून वाहून आणलेले खालच्या कवचाचे व प्रावरणाचे तुकडे सापडतात. किनाऱ्याखाली कित्येक किलोमीटर खोलवर काय आहे, याचे ते प्रत्यक्ष नमुने होत.

तिसरा मार्ग ट्रॅपच्या सीमेबाहेर जाण्याचा आहे. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया व गडचिरोली जिल्ह्यांत बस्तर या प्राचीन स्थिरखंडाचे खडक उघडे आहेत. या स्थिरखंडाच्या छत्तीसगडमधील भागात ३५० कोटी वर्षांहून जुने टोनलाइट हे अग्निज खडक आढळले आहेत. पृथ्वीवरील आरंभीचे खंडकवच प्रामुख्याने अशाच खडकांचे होते. जलयुक्त बेसाल्ट खोलवर अंशतः वितळल्यावर ते तयार होतात. म्हणजे ज्या बेसाल्टने महाराष्ट्र झाकला, तशाच खडकाच्या पुनर्वितळणातून खंडांची पायाभरणी झाली होती.

भूकंपीय महत्त्व

सूक्ष्म भूकंपांच्या नोंदींवरून पनवेल फ्लेक्शरच्या पट्ट्याखालील काही विभंग आजही पूर्णतः निष्क्रिय झालेले नाहीत, असा निष्कर्ष काढण्यात आला आहे. आय.एस. १८९३ या भारतीय मानकाच्या २००२ व २०१६ च्या आवृत्त्यांत मुंबई परिसराचा समावेश मध्यम धोक्याच्या भूकंपक्षेत्र ३ मध्ये केलेला आहे. या पट्ट्यात न्हावा-शेवा येथील बंदर, नवी मुंबईचा विमानतळ आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला शिवडी–न्हावा-शेवा अटल सेतू असे मोठे प्रकल्प उभे आहेत. त्यामुळे विभंगांची स्थाने, त्यांचा झुकाव व हालचालीचा प्रकार यांची अचूक नोंद हा नगररचनेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा विषय आहे.

निरीक्षणस्थळे व जतन

घारापुरी बेट, उरणचा किनारा, अलिबाग–मुरूडचा खडकाळ किनारा आणि खारघर–पारसिकचे डोंगर येथे या रचनेचे निरनिराळे घटक पाहावयास मिळतात. घारापुरीची लेणी सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास याच बेसाल्टमध्ये कोरलेली असून १९८७ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. लेण्यांमुळे त्या बेटाला संरक्षण लाभले, परंतु इतर बहुतेक ठिकाणी तसे संरक्षण नाही. दगडखाणी, रस्त्यांची व इमारतींची कामे यांमुळे अनेक उघडे खडक नष्ट झाले आहेत. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट करण्यात आली. मात्र खोदकामामुळे पूर्वी न दिसणारे थर व विभंग काही काळ उघडेही पडतात. काँक्रीटखाली जाण्यापूर्वी त्यांचे मापन व नमुनासंग्रह होणे आवश्यक असते, कारण भित्तीने थराला छेदलेली एखादी जागा नाहीशी झाली, तर त्यांचा कालक्रम सांगणारा तेथील पुरावा पुन्हा मिळत नाही.

हे सुद्धा पहा

दक्षिण ट्रॅप
सह्याद्री
गोंडवन
सेशेल्स
भूपट्ट सांरचनिकी
गिल्बर्ट टेकडी
घारापुरीची लेणी